भाऊजींनी लिहिलेली भीती

आमच्या अकोल्याच्या भाऊजींइतका भित्रा माणूस तापीपासून वर्धेपर्यंतच्या मुलखात दुसरा झाला नाही, आणि त्या मुलखाला त्यांच्याइतका घाबरवणाराही दुसरा कोणी झाला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते, हुकूम नागपूरहून सुटत, आणि भाऊजी अकोल्याच्या कचेरीत नक्कलनवीस होते. लोकांच्या वाटणीच्या, वहिवाटीच्या आणि भाऊबंदकीच्या कागदांच्या नकला सुबक अक्षरात उतरवून काढायच्या, हे त्यांचे काम. दिवसभर दुसऱ्यांची भांडणे लिहून काढणारा हा किरकोळ बांध्याचा, कानटोपी घालणारा गृहस्थ सुटीच्या दिवशी भुताखेतांच्या गोष्टी लिहितो, हे कचेरीत कोणाला ठाऊक नव्हते. ते कोणाला कळेल याचीही त्यांना भीती वाटे.

भित्र्या माणसांची सहसा एखादी ठरलेली जात असते. कोणी सापाला भितो, कोणी साहेबाला, कोणी बायकोला. भाऊजींनी असा पंक्तिप्रपंच कधी केला नाही. विहिरीत ते डोकावत नसत, कारण खालून आपल्यासारखाच कोणीतरी वर पाहतो. मागून घुंगरू वाजवीत बैलगाडी आली की ते दचकत, आणि घुंगरू न वाजवता आली की जास्त दचकत. न्हाव्याने वस्तरा गळ्याशी आणला की ते त्याच्या लेकराबाळांची खुशाली विचारू लागत; मन प्रसन्न असले की माणसाचा हात स्थिर राहतो, असे त्यांचे मत होते. कचेरीतून घरी आले की एकदम आत शिरत नसत. दारात उभे राहून खाकरत, कडी वाजवत, पायातल्या वहाणा उगाच आपटत आणि जरा थांबून मगच उंबरा ओलांडत. घरात ताई असते, दिवा लागलेला असतो, मग हा सोहळा कशासाठी, असे मी एकदा विचारले.

"तुही ताई हाये ते तं माईत हाये मले," ते म्हणाले. "पन दुसरं कोनी असन, तं त्याले जायाले टाइम नोको काय?"

ताई याच्या अगदी उलट. आम्ही नांदगाव खंडेश्वरकडचे, काळ्या जमिनीत राबणारे लोक. ताईने लहानपणी वावरात साप निघाला तर हातातले काम न सोडता त्याला बाजूला सारलेले मी पाहिले आहे. भाऊजींच्या भीतीचे तिला कधी हसू आले नाही, रागही आला नाही. "त्याईनं भ्याचं अन् मी निभवाचं, असं लग्नातच ठरलं आमचं," असे ती सांगे, आणि एखाद्याला दम्याचा त्रास असावा तशी ती भीती सांभाळून घेई.

लिहायला बसणे हा तर त्या घरातला मोठा प्रसंग असे. भाऊजी रात्री कधी लिहीत नसत. ऐन दुपारी, अंगणात, लख्ख उन्हात, भिंतीला पाठ घट्ट लावून ते बसत. भिंतीला पाठ लावली की मागे कोणाला उभे राहता येत नाही. मग ते आत हाक देत, "अवं, तू वाजव काहीतरी." ताई खलबत्त्यात तिखट कुटायला घेई किंवा भांडी घासायला काढी, आणि त्या आवाजाच्या आधाराने भाऊजींची लेखणी चाले. आत आवाज थांबला की बाहेर लेखणी थांबे. एकदा ताई शेजारणीकडे विरजण मागायला गेली. परत येऊन पाहते तो दौत अंगणात कलंडलेली आणि भाऊजी अनवाणी रस्त्यावर, उन्हात उभे.

"काय झालं?"

"काई नाई. तो जिन्यावरून खाली येऊन राहिला."

तो म्हणजे त्यांच्या गोष्टीतला एक गळफास घेतलेला पाटील. ताईच्या घराला जिना नव्हता.

गोष्ट साधली की नाही हे ठरवण्याची त्यांची रीतही अशीच घरगुती होती. लिहून झाल्यावर त्यांना दिवेलागणीनंतर परसात एकट्याने जाता आले, तर ती गोष्ट ते चुलीत घालत. जाता आले नाही, तर म्हणत, "जमली." मग ताईला कंदील घेऊन त्यांच्याबरोबर परसात जावे लागे. "यंदा लय चांगलं लिवून राहिले बावा," ती माहेरी आली की कौतुकाने सांगे, "मले रोज संग जा लागते."

मी तेव्हा अमरावतीला एका साप्ताहिकाच्या छापखान्यात मुद्रिते तपासत असे, आणि पुढेमागे आपणही लेखक व्हावे असे मला वाटत होते. पुण्याकडच्या कोणा लेखकाला हार घातले, पालखीसारखे मिरवत नेले, अशा बातम्या मी मोठ्या हौसेने अकोल्याला जाऊन भाऊजींना सांगे. त्यांच्यावर त्याचा परिणाम होत नसे.

"हार घालनाऱ्यानं वाचलं असन असं काही नाई," ते म्हणत. "बापू, हसनारा मानूस पुस्तक मिटते अन् जेवाले बसते. रडनारा बी जेवते, जरा उशिरा जेवते. भेलेला मानूस पुस्तक मिटत नाई. मिटलं तं अंदर काय चाललं ते दिसत नाई ना. ज्याचं पुस्तक मिटाले लोक भेतात, तो खरा लेखक. एक मानूस तरी असा भेटला पायजे मले."

हा एक माणूस त्यांना बरीच वर्षे भेटला नाही. भाऊजींच्या गोष्टी आमच्या साप्ताहिकात जागा उरली तर छापून येत, आणि वाचक त्या वाचून जेवायला बसत. दोष भाऊजींच्या भाषेचा होता. घरी-दारी ते आमच्यासारखे वऱ्हाडी बोलत, पण कागद पुढे आला की त्यांना पुणेरी चढे. त्यांच्या गोष्टीतला पिंपळावरचा मुंजा एका कुणब्याला म्हणे, "अहो, क्षणभर थांबा. आपणांस माझी कणव येत नाही काय?" ताईने एकदा ती गोष्ट माझ्याकडून वाचवून घेतली आणि विचारले, "हे कोनाचं भूत हाये? आपल्या इकडलं तं नाई. आपल्या इकडलं असतं तं येवढा मान देऊन बोललं नसतं."

 पुढच्याच महिन्यात भाऊजींनी माझ्या हाती जी गोष्ट ठेवली, तिच्यातले भूत वऱ्हाडी बोलत होते.

गोष्ट साधीच होती. मोर्णा नदीचा एक उतार, जिथून पाण्यातून पायी पलीकडे जाता येते; काठावर एक चिंच. एक माणूस दिवस मावळताना घाईने घरी निघालेला. मागून एका बाईची हाक येते, "दादा, जरा टोपलं उचलू लागता काय?" तो मागे वळतो. बाई खाली मान घालून उभी, पुढ्यात टोपले, टोपल्यावर ओले फडके. अशी हाक आमच्याकडे कोणत्याही वाटेवर ऐकू येते. ओझे एकट्याने डोक्यावर चढत नाही, वाटसरू हात लावतो आणि आपल्या वाटेने जातो. तो माणूसही हात लावतो. टोपले जड लागते. मग त्याच्या ध्यानात येते की फडके वर-खाली होत आहे. खाली काहीतरी श्वास घेत आहे. बाई म्हणते, "आता सोडू नोको." इथे गोष्ट संपत होती.

"भाऊजी, फडक्याखाली काय हाये?" मी विचारले.

"मले काय माईत? मी पाह्यलंच नाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर खरोखरच घाम आला. फडके उचलून पाहण्याची हिंमत झाली नाही म्हणून त्यांनी तिथेच लेखणी ठेवली होती. त्या गोष्टीची सारी कला त्यांच्या भित्रेपणाची होती.

त्या गोष्टीचे मुद्रित मी छापखान्यात भर दुपारी तपासले, तरी संध्याकाळी परकोटाच्या आतल्या नेहमीच्या बोळातून घरी जायचे मी टाळले. मोठ्या रस्त्याने लांबचा फेरा घेतला आणि वाटेत भाजीचे टोपले घेऊन बसलेली एक बाई दिसताच पलीकडच्या बाजूने गेलो. दुसऱ्या दिवशी कळले की खिळे जुळवणारानेही तेच केले होते. भाऊजींना हवा असलेला वाचक मिळाला होता, पण एकावर ते थांबायचे नव्हते.

कचेरीच्या धाकाने भाऊजी गोष्टीवर नाव घालू देत नसत. आमच्या मालकांनी ती बिननावाची गोष्ट कापसाच्या भावाखाली, "मोर्णेच्या उताराजवळ" असा मथळा देऊन छापली. कापसाचा भाव आम्ही खरा छापतो हे सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक होते. त्याच्याखाली छापलेले खोटे असेल असे कोणाला कशाला वाटावे? ती गोष्ट लोकांनी बातमी म्हणून वाचली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी ती ऐकली, आणि ऐकणाऱ्यांनी वाचणाऱ्यांपेक्षा जास्त मनावर घेतली. अंक जुन्या शहरात पोचल्यावर आठवडाभरात त्या उतारावरची संध्याकाळची वर्दळ थांबली. लोक दिवस असतानाच नदी ओलांडू लागले. ज्यांना उशीर होई ते पुलावरून मोठा वळसा घालून जात, आणि तेही चौघेजण मिळून, मोठमोठ्याने बोलत.

भाऊजींना हे सगळे कचेरीत ऐकू येत होते. मी गेलो तेव्हा ते फुलून गेले होते आणि पार घाबरलेही होते. "बापू, जमली," ते हळूच म्हणाले. "पन जरा जास्तच जमली काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजा आली. ती माळीण. नदीच्या पल्याड गाळाच्या मळईत तिचे कुटुंब वांगी, मिरच्या आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावीत असे. पहाटे नदी ओलांडून ती बाजारात येई आणि दिवस मावळता परत जाई. ताई तिची जुनी गिऱ्हाईक होती. त्या दिवशी तिच्या कपाळाला चिंधी बांधलेली होती आणि चिंधीवर रक्त वाळले होते.

"काहून वं गिरजे, कपायाले काय झालं?" ताईने विचारले.

"गोटा लागला."

"पडली काय?"

"पडली नाई बाई. मारला." गिरजाने टोपले खाली ठेवले. "नदीत उतराच्या आंधी लुगडं खोचा लागते, म्हनून टोपलं खाली ठेवते मी. मंग ज्या कोनाले म्हनलं, दादा, टोपलं उचलू लागता काय, तं आजवर कोनी नाई म्हनलं नाई. आता हाक मारली का पयतात. परवा पयाले नाई, थांबले. मले वाटलं, येऊन राहिले. तं त्याईनं गोटे उचलले."

"कोन व्हते?"

"मानसंच व्हती. वळखीची. सकायी माह्याजवळून वांगे नेतात त्यातलीच." तिचा आवाज इथे बारीक झाला. "सूनबाई संग व्हती. पोटुशी हाये ते. पानीच पानी पयाली, चिखलाच्या गाऱ्यात पडली. आता दोन दिवसांपासून माह्याकडे बी अशी पायते, का मी तेच हाये. कोन्या कागदात छापून आलं म्हनतात, माह्यावर."

 ताईने हळद आणि तूप आणले, चिंधी सोडून जखम धुतली आणि सगळी वांगी ठेवून घेतली. भाऊजी दाराआड उभे होते. गिरजा गेल्यावर ते बाहेर आले आणि अंगणातच खाली बसले.

"बापू," ते म्हणाले, "तो आवाज हाच व्हता."

मग त्यांनी सांगितले. काही महिन्यांपूर्वी नदीपलीकडच्या एका वाटणीच्या कामासाठी साहेबांनी त्यांना तिकडे पाठवले होते. परतताना दिवस बुडाला. चिंचेजवळ मागून हाक आली, दादा, जरा टोपलं उचलू लागता काय. भाऊजींनी मागे वळूनही न पाहता जे धोतर आवरले ते सरळ घरी. ती कोण होती हे त्यांनी पाहिलेच नव्हते. न पाहिलेल्या त्या बाईची त्यांनी गोष्ट केली होती, आणि ती बाई आता डोके फोडून घेऊन त्यांच्याच अंगणात वांगी विकून गेली होती.

तेव्हापासून भाऊजींच्या भीतीचे रूप पालटले. आजवर ते स्वतःसाठी भीत आले होते. आता दिवस कलला की ते दारात येऊन नदीच्या दिशेला कान देत. जेवताना घास हातात तसाच राही. "आता निंगाली असन," म्हणत. जरा वेळाने, "आता चिंचेजवळ आली असन." तिकडून कोणी ओरडल्याचा भास झाला की त्यांचा चेहरा पांढरा पडे. जमावाला एकदा हातात दगड घ्यायची सवय लागली की ती सुटत नाही, हे कचेरीतले कागद उतरवून काढताना त्यांनी पुष्कळदा लिहिले होते.

आधी त्यांनी लेखकाला सुचेल ते केले. मी अमरावतीला जाऊन पुढच्या अंकात खुलासा छापून आणला, की सदर मजकूर काल्पनिक असून त्यात तथ्य नाही. त्याचा परिणाम उलटा झाला. सरकारने दाबून छापायला लावले, असे लोक म्हणाले. खरेच काही नसते तर खुलासा कशाला आला असता, हा प्रश्न बिनतोड होता. मग भाऊजी स्वतः जुन्या शहरातल्या एका चहाच्या दुकानात गेले. मी बरोबर होतो. दुकानात तीच चर्चा चालली होती. भाऊजी उभे राहिले, टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, "ते मी लिवलं. मनानं लिवलं. तसं काई नाई तेथी."

लोकांनी त्यांना जागा करून दिली, चहा मागवला. मग एक पिळदार मिशांचा रंगारी समजुतीच्या स्वरात म्हणाला, "तुमी लिवलं असन, नाई कोन म्हनते? पन तुमाले पुरं माईत नाई. माह्या साळ्यानं सोता पाह्यलं. फडकं वलं नाई, लाल व्हतं."

"अन् उतार तो नाई," दुसरा म्हणाला, "त्याच्या वरतचा."

 "बापू, माह्या गोष्टीतल्या चुका काढून राहिले लोक," परत येताना भाऊजी म्हणाले.

चहाच्या दुकानातली कबुली कचेरीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मोठ्या साहेबांनी बोलावल्याचा निरोप आला तेव्हा नोकरी गेली असेच भाऊजींनी धरले, आणि ताईला टाक, दौत आणि कानटोपी कोणाला द्यायची ते सांगून ते निघाले. साहेब नागपूरकडचे कडक गृहस्थ होते. त्यांनी भाऊजींना आत घेतले, दार लावले, खुर्ची जवळ ओढली आणि दबक्या आवाजात विचारले, "फडक्याखाली काय होतं हो?" माहीत नाही असे भाऊजींनी सांगितल्यावर साहेबांचा चेहरा पडला. स्वतःची बदली लवकर व्हावी म्हणून प्रयत्न करतो आहे, असे त्यांनी भाऊजींना विश्वासात घेऊन सांगितले.

त्या संध्याकाळी भाऊजी घरी आले ते दारात खाकरलेही नाहीत. सरळ आत गेले, पाणी प्याले आणि ताईला म्हणाले, "मी उताराकडे जातो."

ताई कंदील घ्यायला उठली.

"तू येऊ नोको," ते म्हणाले. "तू आली तं लोक म्हनतीन, बाईच्या जोरावर आला. मी एकटाच दिसलो पायजे." दाराबाहेर पडल्यावर मात्र त्यांनी माझा दंड धरला. "तू चाल. पन काठावरच थांबजो, लोकाईत. मी पडलो तं घरी सांगाले कोनी पायजे."

आम्ही पोचलो तेव्हा उजेड विटकरी झाला होता. नदीचे पाणी गुडघाभर, पण काळेभोर दिसत होते, आणि चिंचेखाली अंधार आधीच उतरला होता. काठावर दहा-बारा माणसे उभी होती.  त्यांच्यात जाऊन उभा राहिलो तेव्हा माझ्या लक्षात आले की काहींच्या हातात दगड आहेत. आणि खरे सांगायचे तर चिंचेखाली पाहताना माझ्याही अंगावर काटा आला. तिथे गिरजा उभी होती, खाली मान घालून, पुढ्यात टोपले, टोपल्यावर फडके. भाऊजींनी लिहिले होते तशीच. ती कोणाला हाक मारीत नव्हती. हाक मारायचीच तिला भीती वाटत होती, आणि टोपले तर एकटीने उचलत नव्हते.

भाऊजी उतरणीवरून खाली गेले.  कोणीतरी आपल्याकडे चालत येत आहे हे पाहताच गिरजाने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि ती खाली बसली.

"मारत नाई, मारत नाई," भाऊजी म्हणाले. "टोपलं उचलू लागतो. तू हाक मार मले."

"नाई मारत बावा."

"मार वं. नेहमी मारतं तशी मार. लोकाईले आयकू गेलं पायजे."

गिरजाने काठाकडे पाहिले आणि हाक मारली, "दादा, जरा टोपलं उचलू लागता काय?" स्वतःच मागून घेतलेल्या त्या हाकेने भाऊजी हातभर उडाले. माझ्या शेजारचा एकजण मागे सरकला. पण भाऊजी पुढे वाकले, त्यांनी टोपल्याला हात घातला, डोळे गच्च मिटले आणि तसेच थांबले.

"फडकं काढ," ते म्हणाले.

"कशाले?"

"काढ वं माय. नाई तं मी येथीच मरतो."

गिरजाने फडके ओढले. भाऊजींनी एक डोळा उघडला, मग दुसरा. टोपल्यात बाजारातून घेतलेली ज्वारी होती, उरलेली थोडी वांगी होती, सांबाराची एक जुडी होती आणि सुनेसाठी घेतलेला गुळाचा खडा पळसाच्या पानात बांधलेला होता. ते पाहत राहिले.

"येवढंच?"

"येवढंच. अजून का पायजे व्हतं?"

भाऊजींनी ते टोपले तिच्या डोक्यावर न ठेवता स्वतःच्या डोक्यावर घेतले आणि पाण्यात पाऊल टाकले. गिरजा मागून निघाली. ते ओठांनी काहीतरी पुटपुटत होते. मधोमध गेल्यावर काठावरच्या कोणाच्या तरी हातून दगड सुटून खाली पडला. त्या आवाजासरशी भाऊजी असे दचकले की पाणी कमरेपर्यंत उडाले, पण टोपले पडले नाही. ते पलीकडे पोचले. आमच्यातला एकेक माणूस हात झटकून घराकडे वळू लागला. मी भाऊजींना आणायला पलीकडे गेलो तेव्हा ते मळईच्या बांधावर बसले होते आणि गिरजाची सून दुरूनच त्यांना पाणी देत होती.

यामुळे लोकांची समजूत पटली असेल असे कोणाला वाटेल. दुसऱ्या दिवशी सगळ्या जुन्या शहरात पसरले ते इतकेच, की त्या कचेरीतल्या नक्कलनविसाने टोपले उचलले, आणि आता ते त्याला सुटत नाही. भाऊजी पुढेही रोज संध्याकाळी उतारावर जात राहिले, गिरजाची भीती पुरती जाईपर्यंत, आणि त्यामुळे या बोलण्याला बळकटीच आली. मात्र गिरजा त्यातून सुटली. जे काही तिच्याकडे होते ते आता भाऊजींकडे गेले, असा सर्वांचा हिशेब होता. तिची वांगी पुन्हा खपू लागली. सून पुन्हा तिच्याबरोबर येऊ लागली. लोक टोपल्याला हात लावू लागले.

आणि भाऊजींना लोक भिऊ लागले. जन्मभर ज्याने रस्त्यावरच्या प्रत्येकाला वाट दिली त्याला आता सगळे वाट देत. कचेरीत त्यांच्या मागे कोणी बसेना. न्हावी त्यांच्या गळ्याशी वस्तरा नेताना थरथरू लागला, तेव्हा भाऊजींनी दाढी घरीच करायला सुरुवात केली. मला याचा फार राग येई. लोकांना खरे काय ते ठणकावून सांगा, असे मी त्यांना म्हणालो.

"सांगून पाह्यलं ना एकदा," ते म्हणाले. "लोकाईले भ्यायाले कोनी तरी लागते, बापू. ते गिरजा असल्यापेक्षा मी असलेला बरा. मले भेवाची सवय हाये."

आमच्या मालकांना आता भाऊजींच्या गोष्टींचे पुस्तक काढायचे होते. अमरावतीत सभा भरवून हार घालण्याचीही त्यांची तयारी होती. पुण्याकडच्या एका पुस्तकवाल्यानेही चौकशी केली. भाऊजींनी कोणालाच होकार दिला नाही. त्यांनी त्यानंतर भुताची गोष्ट लिहिली नाही. ताईचा खलबत्ता सुटीच्या दुपारी गप्प असे आणि तिला त्याची चुटपुट लागे. "काही तरी लिवा ना," ती म्हणे, "पायजे तं मी परसात संग येईन."

भाऊजी गेले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेलो होतो. दुपारची वेळ होती. त्यांची खाट ओसरीवर उजेडात टाकली होती. हात अगदी वाळले होते, डोळे तेवढे पूर्वीसारखे भिरभिरत होते. ताई म्हणाली, झोप म्हणून लागत नाही.

"एक गोष्ट लिवाची राहून गेली, बापू," ते म्हणाले. "बसतो तं जमत नाई."

"कायची?"

"कायचीच नाई. वाचता वाचता मानसाले झोप लागावी अशी. वाचली, दिवा मालवला अन् झोपी गेला, कायचंच भेव नाई. तसं लिवाले लय मोठा लेखक लागते. मले तं भेवच लिवता आलं." थोडा दम घेऊन ते म्हणाले, "तू बोल काही तरी. अमरावतीचं सांग."

सांगण्यासारखे विशेष काही नव्हते. मी आपले सांगू लागलो, की यंदा कापूस बरा आहे, सरकी काढायच्या जिनासमोर गाड्यांची रांग वेशीपर्यंत जाते, गाडीवान गाड्यांखाली भाकरी खाऊन तिथेच आडवे होतात. छापखान्यातली जुनी मशीन बदलली, नवी आवाज कमी करते. आमच्या दारच्या कडुलिंबाला या वर्षी फार मोहोर आला आहे आणि सकाळी अंगणात त्याचा सडा पडतो. मध्येच पाहिले तो त्यांचे डोळे मिटलेले होते आणि श्वास संथ चालला होता. ताई दारातून पाहत होती. तिने मला हातानेच खूण केली, थांबू नको. मी आवाज आणखी खाली आणला आणि सडा कोण झाडते, पाखरे कोणती येतात, असे काहीबाही सांगत कितीतरी वेळ तिथे बसून राहिलो.